पेटीतले कान

३ फेब्रुवारी

पेटी खरी कितीला पडली, याचा आज निवांत हिशेब मांडला. पैशांचा नव्हे. तो मेव्हण्याकडे असतो आणि मला बघवत नाही.

साडेचार वर्षं. जेवणाचं टेबल एक. ते पहिल्याच वर्षी सोल्डरिंगने भाजून निघालं, तेव्हापासून बायको आणि मी ताट मांडीवर घेऊन जेवतो. डाव्या अंगठ्याचं नख, कायमचं. सहाशे चाळीस विजेच्या मोटारी, प्रत्येकीच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक आणि मुठीला माझा कान. भागीदार एक, तो तिसऱ्या वर्षी 'मशीनं बोलत नसतात' म्हणाला आणि गेला. सॉफ्टवेअर: शून्य. ते इंटरनेटवर फुकट मिळतं. ओपन सोर्स म्हणतात. लोक लिहून ठेवतात, आपण उचलायचं.

आज हॉस्पिटलच्या खरेदीवाल्या बाईंकडे गेलो होतो. पेटी काय करते, ते एका दमात सांगितलं: साबणाच्या वडीएवढी डबी, मोटारीला चिकटवायची, ती दिवसरात्र मोटारीचा आवाज ऐकते आणि बेअरिंग जायच्या आधी तुम्हाला सांगते. बाईंनी साठ मागितल्या. हवा खेळवणारे पंखे, पाण्याचे पंप, सगळ्यांना. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"आत जे जे दुसऱ्याचं आहे, ते कोणाचं, कोणत्या अटीवर घेतलंय, याची पूर्ण यादी पंधरा एप्रिलपर्यंत. एक जरी अट मोडलेली निघाली, तरी ऑर्डर रद्द."

"बाई, आत सगळं माझंच आहे. या पेटीत माझे कान आहेत."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

ही ऑर्डर मिळाली तर आम्ही पाच माणसं तरलो. नाही मिळाली तर जूनमध्ये टायरच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्यांना कुलूप. इथे लिहून ठेवतो. घरी बोललेलो नाही.

७ फेब्रुवारी

दारावरची बेल आज पुन्हा काढली. अडीच महिन्यांतली तिसरी. चिवचिव वाजणाऱ्या या नव्या बेल. बायको म्हणते वाजते. मी मागच्या खोलीत उभा राहिलो, तिला बटण दाबायला लावलं. ढिम्म. वाजली म्हणजे मागच्या खोलीपर्यंत पोचली पाहिजे की नाही?

दुकानदार परत घेईना. म्हणाला, "साहेब, या बेलची एकही तक्रार आजवर आली नाही."

म्हटलं, "आजवर माझा कान तुमच्या दुकानात आला नव्हता."

गिऱ्हाइकं हसली. एका कानाने तीन बेल नापास करणारा माणूस गावात दुसरा दाखवा.

बायकोने तिन्ही बेल ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिल्या. नंतर भांडी घासताना काहीतरी म्हणाली, पण हल्ली ती तोंडातल्या तोंडात बोलते. वय झालं.

११ फेब्रुवारी

आमची प्रोग्रॅमर रोज सकाळी "काका, एक शंका होती" म्हणत आत येते, म्हणून तिचं नावच शंका पडलंय. आज शंका आली ती कागदांची चळत घेऊन.

"काका, यादी झाली. बाहेरून घेतलेले तुकडे एक्केचाळीस."

"चार-एक असतील असं वाटलं होतं."

"चार मी घेतले होते. त्या चौघांनी दुसऱ्यांचे घेतले होते. त्यांनी आणखी कोणाचे."

"म्हणजे एक पाहुणा बोलावला आणि तो आख्खी वरात घेऊन आला."

"वरात वाईट नाही हो. बहुतेकांची अट एवढीच की आमचं नाव आतल्या कागदावर राहू द्या. तो कागद आपण पेटीत घालू."

"मग आपलं स्वतःचं काय आहे त्यात?"

तिने जरा विचार केला. "बेअरिंगचा आवाज चांगला की वाईट हे ठरवणारा भाग. आणि तुम्ही लावून दिलेली सेटिंग्ज."

ती सेटिंग्ज मला अजून आठवतात. गेल्या वर्षी पंधरा दिवस कानाला हेडफोन लावून बसलो होतो. शंकाने पडद्यावर एक सरकपट्टी करून दिली होती. वरून खाली आणली की बारीक आवाज एकेक करून कापले जात. मी म्हटलं, आवाजात फरक पडेपर्यंत पट्टी खाली आणायची. फरक पडत नाही तो सगळा कचरा. सेकंदाला वीस हजार कंपनांपासून सुरुवात केली आणि थेट चार हजारांवर येऊन थांबलो. मधे काही नव्हतंच! तेवढ्यावर स्वस्तातली चिप चालली. शंका म्हणाली होती, "काका, मला वर काहीतरी बारीक ऐकू येतंय." म्हटलं, तुझे कान नवे आहेत, नव्या कानांना सगळंच ऐकू येतं. कशाकडे दुर्लक्ष करायचं ते कळायला तीस वर्षं लागतात.

एक्केचाळीस. जाहिरातीच्या कागदावर मात्र 'शंभर टक्के आमचे' असं छापलंय. तो गठ्ठा तूर्त कपाटावर, पालथा घालून.

१४ फेब्रुवारी

वरातीतले दोन पाहुणे एकमेकांच्या उरावर बसलेत.

शंकाने तीनदा समजावलं, तिसऱ्यांदा डोक्यात शिरलं. पेटीचा पाया, म्हणजे मायक्रोफोन चालवणं, घड्याळ सांभाळणं, हे एका कोडवर उभं आहे. आणि गोंगाटातून बारीक शिट्टी वेगळी काढायचं काम दुसरा एक कोड करतो. तो बावीस वर्षांपूर्वी कोण्या पक्षी बघणाऱ्याने लिहिलाय, झाडावरचा एकेक पक्षी आवाजावरून ओळखायला.

मी म्हटलं, "पक्ष्यांचा? मोटारीत?"

"शिट्टी ती शिट्टी, काका. त्याच्यासारखं कोणी लिहिलेलं नाही."

तर भांडण असं. पायावाला म्हणतो: माझ्या पातेल्यात शिजवलंत तर ज्याला वाढाल त्याला सगळी कृतीही, म्हणजे आतला सगळा कोड, द्या, आणि त्याच्यावर वेगळी कसली सक्ती करू नका. पक्षीवाला म्हणतो: माझा मसाला घातलात तर तुम्ही, आणि तुमच्यानंतर जो कोणी घालेल त्याने, प्रत्येक जाहिरातीत आमच्या पक्षी मंडळाचं नाव छापलं पाहिजे.

"मग छापू की नाव! शाईला असे किती पैसे लागतात?"

"आपण छापू हो. पण पुढच्यालाही छापायला लावायचं ही त्याची अट. आणि पुढच्याला काहीही लावायचं नाही ही याची अट. एकाची पाळली की दुसऱ्याची मोडते."

"दोघांना वेगळ्या खोल्या दिल्या तर?"

"मोठ्या कॉम्प्युटरवर दिल्या असत्या. साबणाच्या वडीत खोली एकच आहे."

"आणि पक्षीवाल्याचा भाग आपणच नव्याने लिहिला तर?"

"मला एकटीला पाच महिने."

आपल्याला आहेत दोन. दोघंही भली माणसं, दोघांनीही फुकट दिलंय, आणि फुकट देणाऱ्या दोघांत माझी मान अडकली. पैसे मागितले असते तर घासाघीस तरी केली असती.

दुपारभर मागच्या खिडकीत बसून होतो. टायरवाल्याच्या आवारातल्या झाडावर यंदा पक्षी आलेलेच नाहीत. पूर्वी सकाळी कलकलाट असायचा.

१९ फेब्रुवारी

मेव्हणा विक्री बघतो. विकायला बसला तर वाळवंटात वाळू विकेल. त्याने परवा सगळं ऐकलं आणि दार लोटलं.

"भाऊजी, आत उघडून बघणार कोण? यादीत एक्केचाळीसच्या जागी चाळीस लिहा."

"शंका सही करणार नाही."

"तिची सही कशाला? मालक तुम्ही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि पायावाल्याचं ऐकायचं म्हणजे आपली कृतीसुद्धा हॉस्पिटलला द्यायची! उद्या कोणीही आपली पेटी बनवेल. साडेचार वर्षं कशासाठी घासली मग?"

खोटं कशाला लिहू, पटलं मला. कृती देण्याचं तर पोटात दुखतंच. मला कोणी दिली होती? ज्या मिस्त्रीकडे मी मोटारींची वायंडिंग शिकलो, तो नेमक्या वेळी पाठ फिरवायचा. हात दिसू द्यायचा नाही. मी मग कानाने शिकलो. तार किती ताणली, फेरे किती झाले, हातोडी कुठे बसली, सगळं आवाजावरून. फुकट काही मिळालं नाही मला, म्हणून फुकट देतानाही हात अडखळतो.

दोन दिवस चाळीसच्या यादीवर पेन धरून बसलो. सही झाली नाही. सद्गुण वगैरे नाही. खरेदीवाल्या बाईंचा चष्मा आठवला.

२६ फेब्रुवारी

नाचक्की. चाचणीसाठी एक पेटी पावाच्या बेकरीत लावली होती, पीठ मळायच्या मोटारीवर. आज पहाटे मोटार जाम. बेअरिंगचा भुगा. पेटीचा दिवा शेवटपर्यंत हिरवा.

बेकरीवाला म्हणाला, "तुमची पेटी झोपली होती का?"

गेल्या आठवड्यात मी स्वतः स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं होतं. खणखणीत होती मोटार. मग हे एका रात्रीत कसं झालं? वंगणात खोट असणार. त्याला तसं सांगितलं. त्याने मान हलवली, पण पटलेली मान वेगळी हलते.

शंका पेटी काढून घेऊन आली. म्हणाली, चाचणीच्या पेटीत मायक्रोफोनचा कच्चा आवाजही साठतो, ते सगळं रेकॉर्डिंग ठेवून देते. म्हटलं ठेव, वंगणवाल्याशी भांडायला उपयोगी पडेल.

४ मार्च

पक्षीवाला सापडला!

त्याचा ईमेल कधीच बंद पडलाय. शंकाने आठ दिवस जुने पक्षीगणनेचे अहवाल चाळले, त्यातल्या एकात मंडळाच्या चिटणीसाचा घरचा फोन मिळाला. चिटणीस म्हणजे तोच: निवृत्त शाळामास्तर, वय एक्क्याऐंशी. मीच फोन केला.

"मास्तर, तुमच्या कोडबद्दल बोलायचं होतं."

"कोण मोड?"

"कोड! पक्ष्यांचा!"

"पक्षी आहेत, पण तुम्ही कोण?"

वीस मिनिटं हे असं. म्हातारा पार बहिरा आहे बिचारा. घशाला कोरड पडली माझ्या. बायकोने उठून खिडकी लावली. म्हणाली, "त्यांना बोलताय की सगळ्या गल्लीला? आणि ते तिकडून एवढं ओरडतायत, ते तरी ऐका."

शेवटी ते म्हणाले, "लिहून पाठवा हो, फोन हे माझं काम नाही." तेवढं स्पष्ट ऐकू आलं.

शंकाने पत्र लिहिलं, चांगलं लिहिलं. तुमची जाहिरातीची अट आमच्या दुसऱ्या कोडच्या अटीशी भांडते, तेवढी अट सोडाल का, नाही सोडली तरी आमचा राग नाही, तुमच्या कामाचे आभार. मी खाली एक ओळ घातली: पाच माणसांची चूल यावर आहे. शंका म्हणाली, काका, हे खोडा, हे दडपण आहे. खोडलं.

१० मार्च

मास्तरांचं उत्तर, दोनच ओळी. 'अट सोडीन की नाही ते मागाहून. आधी माझ्या कोडचं तुम्ही काय केलंत ते सगळं दाखवा.'

सगळं! शंकाने माझ्याकडे बघितलं. मेव्हण्याने छताकडे.

मी म्हटलं, एक दिवस द्या.

टेकडीच्या बाजूने लांब चालून आलो. मिस्त्रीचाच विचार डोक्यात. तो पाठ फिरवायचा, खरंय. मला त्याचा राग तीस वर्षं आहे. पण आज पहिल्यांदा एक गोष्ट ध्यानात आली. तो पाठ फिरवायचा, खोलीबाहेर मात्र कधी काढलं नाही. 'बाहेर जा' एवढंच म्हणाला असता तर मी आज कोण असतो? त्याला माहीत नव्हतं का की पोरगं कान देऊन बसलंय? एवढा हुशार माणूस!

संध्याकाळी शंकाला सांगितलं, पाठव सगळं. आपली कृतीसुद्धा. माझी सेटिंग्जसुद्धा. हॉस्पिटललाही तेच द्यायचंय, मग मास्तरांपासून काय लपवायचं?

मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, दुकानाचं दार उघडं ठेवून जेवायला चाललात."

"मग तू बस दारात."

हसला, पण जेवला नाही.

१५ मार्च

काही नाही. पोस्टमन दोनदा आला, दोन्ही वेळा टायरवाल्याकडे.

२२ मार्च

पत्र आलं. तीन पानं, अक्षर मास्तरांचं असावं तसंच. पहिल्याच पानावर सही करून अट सोडली आहे, तारीख-बिरीख घालून. शंका चक्क नाचली. मेव्हण्याने तिथल्या तिथे खरेदीवाल्या बाईंना फोन लावला. पुढची पानं मी एकट्याने वाचली. इथे उतरवून ठेवतो.

'आमच्या मंडळात सहा माणसं होती. सातवा मिळत नव्हता. कोडची जाहिरात होईल, नाव वाचून कोणीतरी येईल, म्हणून ती अट घातली. बावीस वर्षांत नाव वाचून एकही माणूस आला नाही. अटीमुळे तुम्ही आलात. आता मंडळात मी एकटाच उरलो आहे, तेव्हा ठराव एकमताने मंजूर.

'एक विचारायचं होतं. माझा कोड वीस हजारांपर्यंत ऐकतो, कारण लहान पक्षी आणि कीटक वरच बोलतात. तुम्ही तो चार हजारांवर कापला आहे. मशीनं वर बोलत नाहीत काय? मला मशीनमधलं कळत नाही, म्हणून विचारतो.

'जे कदाचित कळतं तेही सांगतो. मी हा कोड हौसेने लिहिला नाही. साठीच्या आसपास माझे पक्षी एकेक करून यायचे बंद झाले. आधी सर्वांत बारीक आवाजाचा, मग त्याहून जरा जाड. मला वाटलं, झाडं तोडली म्हणून. बायको म्हणाली, पक्षी आहेत, तुम्ही नाही आहात. म्हणून माझ्यासाठी ऐकणारा एक कान तयार केला. तुमची सेटिंग्ज ज्याने लावली तो माणूस माझ्या ओळखीचा वाटतो.'

मला मशीनं शिकवणार! झाडाखाली दुर्बीण घेऊन बसणारा माणूस! अट सोडली म्हणून उपकार आहेत, पण याला काय म्हणायचं? वर कचरा आहे. मी पंधरा दिवस ऐकलंय.

बाकीचं पत्र शंकाला दाखवलं नाही. खिशातच आहे.

२३ मार्च

दाखवलं.

ती वाचून म्हणाली, "काका, एक शंका होती."

"बोल."

"बेकरीचं रेकॉर्डिंग मी पूर्ण ठेवलंय. वरचे आवाज न कापता लावू?"

लावलं. पडद्यावर आवाजाचं चित्र होतं, खालून वर. चार हजारांच्या खाली सगळं गुळगुळीत. वर, नऊ हजारांच्या आसपास एक रेघ. पहिल्या दिवशी पुसट, मग रोज जाड. मोटार जाम होण्याच्या अठरा दिवस आधीपासून.

"चित्रात काहीही दिसतं," मी म्हटलं. "आवाज लाव."

तिने स्पीकर चालू केला. मी डोळे मिटले. मोटारीची घरघर, खणखणीत, निरोगी. तीस वर्षं ज्या कानावर पोट भरलं तो कान देऊन ऐकलं. दुसरं काही नव्हतं.

"बघ," मी म्हटलं, "काहीच नाही."

बायको मी विसरलेला डबा घेऊन आली होती, जिन्यातच होती. दारात येऊन तिने दोन्ही हात कानांवर ठेवले.

"अहो, ती शिट्टी बंद करा आधी! कानाला भोकं पडतायत. खाली टायरवाल्यापर्यंत येतेय."

 शंकाने आवाज बंद केला. मला तर काहीच बंद झाल्यासारखं वाटलं नाही.

बायकोने माझ्याकडे बघितलं, शंकाकडे बघितलं, डबा टेबलावर ठेवला आणि माझ्या शेजारी, उजव्या बाजूला, खुर्ची ओढून बसली. ती नेहमी उजव्या बाजूला बसते. कधीपासून ते आठवत नाही.

पेटीत माझे कान आहेत, असं मी बाईंना सांगितलं होतं. ते अगदी खरं निघालं.

साठ पेट्या हॉस्पिटलात लागल्या असत्या. पंख्यांना. साठ हिरवे दिवे.

२४ मार्च

आज दुसरं काही सुचत नाही, तेव्हा एवढंच लिहितो. मेव्हण्याचं ऐकून चाळीसच्या यादीवर सही केली असती, तर मास्तरांना फोन झाला नसता. कोड झाकून ठेवला असता, तर ते चार हजार कोणाला दिसले नसते. दोन अटी भांडल्या म्हणून वाचलो. देव कोणाच्या रूपाने येईल सांगता येत नाही. माझ्याकडे अटींच्या भांडणातून आला.

बेकरीवाल्याकडे जाऊन आलो. वंगणाचा दोष नव्हता, माझा होता, असं सांगितलं. नवी मोटार मी बसवून देतो म्हणालो. त्याने दोन गरम पाव कागदात बांधून हातात दिले. म्हणाला, चूक सांगायला परत येणारा पहिलाच.

२ एप्रिल

खरेदीवाल्या बाई. मी पूर्ण यादी समोर ठेवली, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस, मास्तरांच्या सहीचं पत्र, कृती सगळ्यांना देणार असल्याचा कागद. आणि मग म्हटलं, "बाई, पेटी मात्र पंधरा एप्रिलला तयार नसेल. वरचे आवाज तिला ऐकू येत नव्हते. चिप बदलावी लागेल. सात आठवडे."

मेव्हण्याने टेबलाखालून पाय दाबला. शेजारी बसवलाच होता त्याला, दारात बस म्हटलं होतं ना.

बाईंनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कोणी शोधून दिलं?"

"एका पक्षी बघणाऱ्याने. यादीत एकोणचाळिसावा."

त्या पहिल्यांदा हसल्या. "तीन कंपन्यांनी यादी दिली. दोघांनी लिहिलंय, सगळं आमचंच आहे. त्यांच्या पेट्या मी उघडून घेतल्या तर काय निघेल, मला माहीत आहे."

साठ नाही मिळाल्या. आधी वीस, पंपांवर. तीन महिने नीट चालल्या तर पुढच्या चाळीस. जूनचं कुलूप टळलं. खाली आल्यावर मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, खरं बोलून माल विकता येतो, हे मला आधी सांगायचं की." मला वाटतं तो गंमत करत नव्हता.

१९ मे

चिप बदलली. शंकाने पट्टी वीस हजारांवर नेली आणि आमचा सगळा बदल इंटरनेटवर ठेवला, कोणालाही घ्यायला. तिसऱ्याच दिवशी कुठल्याशा लांबच्या कापड गिरणीतल्या कोणीतरी आमची एक चूक दुरुस्त करून पाठवली. नाव नाही, गाव नाही, बिल नाही. मी तासभर त्या चार ओळी बघत बसलो. काही कळलं नाही, पण बरं वाटलं.

जाहिरातीचा नवा कागद छापला. 'शंभर टक्के आमचे' काढलं. खाली मास्तरांच्या पक्षी मंडळाचं नाव आणि पत्ता घातला. अट तर त्यांनी सोडलीय, मग का, असं मेव्हण्याने विचारलं. म्हटलं, सक्ती होती तोवर छापता येत नव्हतं, आता सक्ती नाही म्हणून छापतोय.

शंका रविवारी मास्तरांकडे जाऊन आली. सातवी सभासद. म्हणजे हल्लीच्या हिशेबाने दुसरी. मी तिसरा, वर्गणी पाठवली आहे.

२६ मे

कानाच्या डॉक्टरांकडे बायको घेऊन गेली. तिने वेळ दोन वर्षांत चार वेळा घेतली होती आणि चारही वेळा मी कामात होतो, असं डॉक्टरांच्या मदतनिसाने रजिस्टर बघून सांगितलं. काचेच्या खोलीत बसवलं. ऐकू आलं की बटण दाबायचं. बराच वेळ मला वाटलं, त्यांनी मशीन अजून सुरूच केलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "गोंगाटात काम केलंत का?"

म्हटलं, गोंगाट हेच काम होतं.

कागदावर एक रेघ काढून दिली. सरळ चालत येते, चार हजारांपाशी कड्यावरून खाली पडते. डावा कान जास्त, स्क्रू ड्रायव्हरचा.

पेटीच्या हिशेबात हे धरलं नव्हतं.

९ जून

दोन्ही कानांमागे यंत्रं बसली. बाहेर पडलो तर रस्ता ओरडत होता. स्वतःच्या चपला ऐकू आल्या. कागदाची घडी घातली तर कागद बोलला. टायरवाल्याच्या आवारातून जाताना थबकलो. झाड भरलेलं होतं. कलकलाट. किती वर्षं हे वर चाललं होतं कोण जाणे. तिथूनच मास्तरांना दोन ओळी लिहून पाठवल्या: आले सगळे परत. तुमचे आभार.

घरी बायको भांडी घासत होती, माझ्याकडे पाठ करून. काहीतरी म्हणाली. प्रत्येक शब्द ऐकू आला. तोंडातल्या तोंडात अजिबात बोलत नाही ती. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही, ते माझं.

मग तिने हात पुसले, ओट्याखालचा ड्रॉवर उघडला आणि मला मागच्या खोलीत जाऊन उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. ती दारापाशी एकेक बेल जोडून बटण दाबत गेली.

तिन्ही वाजतात.